सतरा नंबरची पुडी

“बाबा, उद्या तुम्ही माझ्याकडे बघायचं नाही.”

सरोज जेवायला बसली होती. भाकरी मोडून तिनं तशीच ताटात ठेवली होती.

“बघायचं नाही म्हणजे? मी काय डोळ्याला फडकं बांधून लॅबमध्ये फिरू?”

“फिरा की. पण माझ्या टेबलाकडे नाही. आणि भिंतीला, बादलीला, पडद्याला, कशालाच हात लावायचा नाही.”

तिची आई चुलीपुढून म्हणाली, “ऐका! ह्यांनी हात लावून लावून निम्म्या तालुक्याला डॉक्टर केलं, अन् घरच्या पोरीला तेवढा चालंना.”

“म्हणूनच चालत नाही. उद्या मी पास झाले तर लोक म्हणतील, मामाची पोरगी. बादली बघून पास झाली.”

“पास तर म्हशीपण होतात,” मी म्हणालो. “पूर्ण मार्क पाहिजेत.”

“मिळतील. मला येतं ते.”

“आणि गोदाला?”

“तिला तर तुम्ही लॅबमध्ये असता हेच माहीत नसेल. बर्नर पेटला की ती बहिरी होते.”

तिनं माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. घ्या शपथ, म्हणाली. मी घेतली.

शपथ कशाची, ते सांगतो.

लातूरपासून दोन तासांवरच्या एका गावात, कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये मी परिचर होतो. पगारपत्रकावर भुजंग सोनटक्के, पोरांच्या तोंडी मामा. बारावीच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकाला एक पुडी मिळते. आत पांढरी पूड. ज्योतीत धरून, ॲसिडात विरघळवून ती कशाची आहे ते ओळखायचं. पुडीत काय आहे हे दोघांनाच ठाऊक असतं. यादी करणाऱ्या सरांना, आणि पुड्या भरणाऱ्या मामाला.

म्हणून खुणा होत्या. पुडीत कॅल्शियम असेल तर मी चुन्याच्या भिंतीला हात टेकायचा. ॲल्युमिनियम असेल तर माझ्या जर्मनच्या डब्याला. शिसं म्हणजे कानावरची पेन्सिल. बेरियमची ज्योत हिरवी, म्हणून खिडकीचा हिरवा पडदा. स्ट्रॉन्शियमची लाल, म्हणून आगीसाठी वाळू भरून टांगलेली लाल बादली. खुणा मी काढल्या नव्हत्या. आधीच्या मामांनी किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर त्या माझ्या हवाली केल्या होत्या. पोरं त्या एका वर्षाकडून दुसऱ्या वर्षाकडे पोचवत. कुलथे सर विभागप्रमुख होते. त्यांना सगळं माहीत होतं. त्या घटकेला ते खिडकीबाहेर बघत उभे राहत. पाप वगैरे कुणाच्या मनातही येत नसे.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची. तेव्हा मेडिकलसाठी वेगळी परीक्षा नव्हती. बारावीच्या तीन विषयांची बेरीज करायची, त्या बेरजेची यादी लागायची. प्रॅक्टिकलमध्ये सगळ्यांनाच भरभरून मार्क मिळत. त्यामुळे मिळवण्यासारखं तिथं काही नव्हतं, फक्त गमावण्यासारखं होतं. एक मार्क गेला की यादीत तीस पोरं पुढं निघून जात.

एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांना त्या यादीत जाताना बघत होतो. दिवाळीत ती कॉलेजात यायची, अंगानं भरलेली, बोलण्यात बदललेली. “मामा, ओळखलंत का?” मी ओळखायचो. कोण कुठल्या टेबलावर होतं, कुणाला भिंत दाखवली होती, कुणाला पडदा, सगळं माझ्या लक्षात असायचं. घरी येऊन मी सरोजला सांगायचो. ती तेव्हा पाचवी-सहावीत असेल. ऐकताना ती माझ्याकडे एकटक बघत राहायची.

गोदा म्हणजे पोस्टमन फुलारींची गोदावरी. आठवीपासून दोघी एका पुस्तकात डोकं घालून वाढल्या. आमच्याकडे अभ्यास करायची, आमच्याकडेच जेवायची. सरोजपेक्षा ती हुशार होती. हे सरोजच सांगायची, आणि मला ते आवडायचं नाही.

प्रॅक्टिकलचा दिवस.

सकाळची बॅच चोवीस पोरांची. मी दारात चिठ्ठ्यांचा डबा धरून उभा. सरोजनं चिठ्ठी काढली, नऊ. माझ्याकडे न बघता आत गेली. तिच्यामागं गोदा. तिची सतरा.

नऊ, सतरा आणि बावीस या तिन्ही पुड्या एकाच बाटलीतल्या होत्या. स्ट्रॉन्शियम नायट्रेट. मीच भरल्या होत्या. बावीस नंबरवाला पोरगा आत आल्या आल्या माझ्याकडे बघायला लागला. मी बादली पुसून काढली. त्यानं मान हलवली.

सरोज आणि गोदा समोरासमोरच्या टेबलांवर होत्या. मी शपथेप्रमाणं लांब राहिलो. नंतर कुणाची तरी परीक्षानळी फुटली, म्हणून झाडू घेऊन त्या बाजूला गेलो. काचा गोळा करताना माझा तोल गेला, आणि सावरताना बादलीला हात लागला. सरोजनं नेमकं तेव्हाच वर पाहिलं. असं झालं.

नाही. असं झालं नाही. हे मी सरोजच्या आईला सांगितलं होतं, आणि इतक्यांदा सांगितलं की ते मला पाठ झालं. पुन्हा लिहितो.

परीक्षानळी फुटली नव्हती. मी सरोजच्या मागं जाऊन उभा राहिलो. तिनं तार ॲसिडात बुडवली, पुडीला लावली, ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. कोवळ्या हरभऱ्यासारखी हिरवी. तिनं पुन्हा करून बघितलं. पुन्हा हिरवी. तिनं कागदावर इंग्रजीत ‘ग्रीन’ लिहिलं, पुढं ‘बेरियम’ लिहिलं. नऊ नंबर म्हणजे स्ट्रॉन्शियम. पोरगी चुकत होती. तार नीट धुतली नसेल, आधीचं काही चिकटलं असेल, असं मी मनाशी म्हणालो. यादीत पुढं निघून जाणारी तीस पोरं मला दिसायला लागली.

मी बादलीपाशी गेलो आणि हात ठेवला. तिनं वर पाहिलं नाही. तिनं शब्द पाळला होता. मग मी बादलीची कडी वाजवली.

दोनदा वाजवली.

तिनं वर पाहिलं. बादलीकडे, मग माझ्याकडे. मग खाली ज्योतीकडे. तार अजून ज्योतीतच होती. समोरच्या टेबलावर गोदाची ज्योतही हिरवीच होती. सरोजनं तीही पाहिली. आणि ‘ग्रीन’वर रेघ मारून वर ‘क्रिमझन’, म्हणजे गडद लाल, लिहिलं. ‘बेरियम’ खोडलं, ‘स्ट्रॉन्शियम’ लिहिलं.

मला हायसं वाटलं. तेही लिहून ठेवतो.

साडेअकराला बाहेरचे परीक्षक टेबलाटेबलापाशी येऊन तोंडी प्रश्न विचारायला लागले. पेशकार नाव त्यांचं. कडक नव्हते. घाईत होते. दुपारची बॅच होती, आणि मधे प्राचार्यांकडे जेवण होतं. हातात कुलथे सरांनी दिलेली यादी. सरोजचा कागद त्यांनी नुसता बघितला. “छान. खाडाखोड कशाला करतेस? आधी विचार करून लिहावं.” सही केली. पुढं गोदा.

“सतरा नंबर... बेरियम? नाही बाळ. सतरा स्ट्रॉन्शियम आहे.”

“सर, बेरियमच आहे.”

“ज्योत कसली दिसली?”

“हिरवी.”

“हिरवी?” पेशकार सर हसले. “स्ट्रॉन्शियमची ज्योत हिरवी? पुस्तक वाचलंयस ना?”

“वाचलंय सर, म्हणून तर. क्रोमेट टाकल्यावर पिवळा साका आला. तोपण बेरियमचा. पुन्हा करून दाखवू? दोन मिनिटं लागतील.”

ती घाबरलेली नव्हती. एखाद्या पाहुण्याला आपलं घर दाखवावं तसं तिला दाखवायचं होतं. पेशकार सरांनी घड्याळ बघितलं. कुलथे सरांना बोलावलं. कुलथे सर माझ्याकडे वळले.

“मामा, सतराची पुडी कशाची भरली होती?”

“स्ट्रॉन्शियम, सर.”

खोटं नव्हतं ते. बाटलीवर जे लिहिलं होतं ते मी सांगितलं.

“पुडीत उरलंय का थोडं?” पेशकार सरांनी विचारलं.

गोदा टेबलावर शोधायला लागली. पुडी नव्हती. तोंडी परीक्षा सुरू झाली की पुड्या गोळा करून बेसिनमध्ये ओतायच्या, ही माझी एकोणीस वर्षांची सवय. पण त्या दिवशी मी सगळ्यात आधी सतरा नंबरची उचलली होती, आणि लगेच नऊची. बाकीच्या तशाच होत्या. सवय होती की दुसरं काही, हे मी पुष्कळदा तपासून पाहिलं. ठरत नाही.

“जाऊ दे,” पेशकार सर म्हणाले. “बाळ, तुला रंग नीट दिसतात ना? हसू नकोस, काहींना दिसत नाहीत. डोळे तपासून घे एकदा.”

आजूबाजूची पोरं हसली. गोदाही हसली. तिच्या कागदावर लाल शाईनं काट मारली गेली.

आता ते सांगायलाच हवं, जे मी दर वेळी शेवटावर ढकलतो.

ॲसिडच्या वाफांनी लॅबमधल्या बाटल्यांची लेबलं गळून पडतात. परीक्षेच्या आठ दिवस आधी, बाहेरचे सर येणार म्हणून मी कपाट आवरलं. सगळ्या बाटल्या खाली काढून पुसल्या. दोन बाटल्यांची लेबलं पार खाल्ली गेली होती. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही नायट्रेट. डावीकडची स्ट्रॉन्शियम, उजवीकडची बेरियम, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पण मी त्या खाली काढल्या होत्या. फरशीवर कुठली कुठं ठेवली? ज्योतीत धरून बघायचा कंटाळा केला आणि अंदाजानं लेबलं चिकटवली. कुलथे सरांना विचारलं असतं तर त्यांनी एका काडीत सांगितलं असतं. पण एकोणीस वर्षांच्या मामानं विचारायचं म्हणजे कसं!

सकाळची पोरं गेली. सर जेवायला गेले. मी दार लोटून घेतलं आणि बर्नर पेटवला.

चाचणी : स्ट्रॉन्शियम लिहिलेल्या बाटलीतली पूड ज्योतीत धरली.
निरीक्षण : हिरवी.
चाचणी : बेरियम लिहिलेल्या बाटलीतली.
निरीक्षण : लाल.
अनुमान : सर यायला अजून वीस मिनिटं आहेत.

वीस मिनिटांत प्राचार्यांच्या घरी जाता आलं असतं. रस्ता ओलांडला की घर. सर, चूक माझी आहे, सकाळच्या यादीत तीन नंबर उलटे आहेत, एवढंच म्हणायचं. मग गोदाचे मार्क तिला मिळाले असते. आणि नऊ नंबरच्या कागदाचं काय? तिथं खोडलेलं ‘ग्रीन’ सगळ्यांनी वाचलं असतं. डोळ्यांनी हिरवं बघून पोरीनं लाल का लिहिलं, हा प्रश्न कुणी विचारायचं राहिलं असतं का?

मी लेबलं पाण्यानं भिजवून काढली आणि अदलाबदल करून चिकटवली. दुपारच्या पुड्या नव्यानं भरल्या. दुपारच्या बॅचमध्ये एकाचीही चूक झाली नाही. पेशकार सर जाताना म्हणाले, “मामा, तुमची लॅब फार व्यवस्थित आहे.”

घरी सरोज दारातच उभी होती.

“बाबा, बाटल्या बघितल्या?”

“बघितल्या.”

“मग?”

“बरोबर आहेत.”

ती माझ्या हातांकडे बघत होती. नखांत डिंक वाळला होता. मी हात मागं घेतले. “जेवायला वाढ,” मी तिच्या आईला म्हणालो.

जूनमध्ये निकाल. सरोजचं नाव सरकारी मेडिकलच्या यादीत लागलं, खालून अकरावं. गोदाचं तीन मार्कांनी हुकलं. सॉल्टचे, म्हणजे त्या पुडीचे, तिचे आठ गेले होते. थिअरीत ती सरोजच्या पाच पुढं होती. हा हिशेब कुणी मोठ्यानं केला नाही, पण आमच्या घरात तो सगळ्यांना येत होता.

पेढे वाटले. गल्लीतल्या बायका येऊन सरोजच्या तोंडावरून हात फिरवून गेल्या. तिची आई देवापुढं बसून रडली. मी कॉलेजात गेलो की प्राध्यापक खुर्चीतून उठून हात मिळवायचे. आजवर माझ्याशी कुणी हात मिळवला नव्हता.

सरोज जायच्या दोन दिवस आधी, दुपारी, गोदा आली. सरोज ट्रंक भरत होती. मी कडी ठोकून बसवत होतो.

“काय डॉक्टरीणबाई! पहिलं इंजेक्शन माझ्यावर शिकायचं नाही हां, आधीच सांगते.”

“मग कुणावर शिकू?”

“मामा आहेत की. त्यांची कातडी ॲसिडानं जाड झालीय.”

तिघंही हसलो. गोदा ट्रंकेच्या कडेवर टेकली. हातात लांबट पाकीट होतं. ती ते उलटसुलट करत राहिली.

“मामा, एक विचारायचंय. अण्णांनी बोर्डाला अर्ज लिहिलाय. पुडीत गडबड होती, चौकशी करा, असा. मी म्हटलं कशाला, तर ते ऐकेनात. तीन मार्कांनी पोरगी राहिली म्हणून त्यांना जेवण जाईना. पण अण्णा म्हणाले, आधी सोनटक्के मामांना विचार. ते स्वतः तिथं उभे होते, त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. ते हो म्हणाले तर मी स्वतः नेऊन टाकतो. नाही म्हणाले तर उगीच कॉलेजचं नाव खराब करायचं नाही.”

तिनं पाकीट मांडीवर ठेवलं.

“ज्योत हिरवी होती ना मामा?”

मी हातोडी खाली ठेवली. अर्ज गेला असता तर बोर्डानं कागद मागवले असते. सतराचा, आणि त्याच्याबरोबर नऊचा.

“लाल होती, पोरी.”

ती माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता तिच्या तोंडावर. ती ताडून बघत होती, जसं ती क्रोमेट टाकून बघायची. एका चाचणीवर तिचं समाधान होत नसे. ती सरोजकडे वळली.

“तू तर माझ्या समोरच होतीस. तुला कसली दिसली?”

सरोजच्या हातात घडी घातलेला पंजाबी ड्रेस होता. तिनं त्याची घडी मोडून पुन्हा घातली. आणि मी, ज्यानं तिला यात घातलं होतं, तो मी त्या क्षणी मनातल्या मनात तिच्या पाया पडत होतो. म्हण हिरवी. माझं काय व्हायचं ते होऊ दे, तुझी सीट जाऊ दे, पण म्हण. तू माझ्यासारखी नाहीस. तू शपथ घालणारी आहेस. कॉलेजच्या त्या सगळ्या वर्षांत मी तिच्यासाठी जे जे मागितलं, त्यात एवढं कळकळीनं काहीच मागितलं नव्हतं.

“लाल,” सरोज म्हणाली. मग थांबून म्हणाली, “क्रिमझन. एकदम गडद.”

गोदानं मोठा श्वास सोडला.

“बरं झालं बाई,” ती म्हणाली. “मला वाटत होतं माझ्यावर अन्याय झालाय. रात्रंदिवस तेच डोक्यात. आता सुटले. माझ्याच डोळ्यांत काहीतरी असणार.”

पाकिटाची दोनदा घडी घालून तिनं कमरेला खोचलं. सरोजच्या आईनं चहा आणला. ती प्याली. जाताना सरोजला मिठी मारली, आणि सरोजनंही तिला मारली. सरोजचा चेहरा माझ्या बाजूला होता. तिनं डोळे मिटले नव्हते.

दोन दिवसांनी एसटीत बसताना ती माझ्या पाया पडली. पत्र टाक म्हणालो. टाकीन म्हणाली. टाकायचीही. तब्येत बरी आहे, मेस बरी आहे, अभ्यास बरा आहे.

सरोज आता नाशिकला असते. दवाखाना आहे, नवराही डॉक्टर आहे. रविवारी फोन येतो. माझ्या गोळ्यांची नावं विचारते, मी सांगतो. तिची आई गेल्यापासून घरात दुसरं बोलायला कुणी नाही, म्हणून असेल, मागच्या वर्षी मी फोनवर म्हणालो, “गोदाला जाऊन सांगावं म्हणतो.”

पलीकडचा टीव्ही बंद झाला.

“सांगून तिला काय मिळणार?”

“माहीत नाही.”

“मग तुम्हाला काय मिळणार ते बघा,” सरोज म्हणाली. “गोळी रात्रीची आहे. सकाळी घेऊ नका.”

तरी मी गेलो. गोदा डीएड करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली होती. तालुक्यापासून दहा किलोमीटरवर फाटा आहे, तिथं घर बांधलंय. मला बघून धावत बाहेर आली. “मामा! अहो, किती वाळलात!” केस पांढरे झाले होते, बाकी तीच. आत सोळा वर्षांची पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन आली.

“ही रेवती. दहावीला पंच्याण्णव टक्के पडले. पाया पड, हे मामा. सरोजमावशीचे बाबा.”

“अकरावीला सायन्स का?” मी विचारलं.

पोरगी खाली बघायला लागली. गोदा म्हणाली, “तिचा फार हट्ट होता हो. मी म्हटलं, नको. आपल्याकडं नजरेचं काहीतरी आहे. मला बारावीला हिरवं-लाल कळलं नव्हतं, तुम्हाला तर माहीतच आहे. ऐन वेळी फसगत होते. मी सोसलं, तिनं कशाला सोसावं? आर्ट्स बरं. घरी बसून स्पर्धा परीक्षा देता येतील.”

मी सांगायला सुरुवात केली. कपाट आवरलं ते, लेबलं, कडी दोनदा वाजवली ती, बेसिन, डिंक. काही सोडलं नाही. गोदा ऐकत होती. मधे उठून तिनं माझ्या कपात आणखी चहा ओतला.

“ज्योत हिरवी होती गोदा. तू बरोबर होतीस.”

“मामा,” ती हळूच म्हणाली, “तीस वर्षं होत आली. वय झालं तुमचं. लाल होती ती. माझ्या अजून डोळ्यांपुढं आहे, लालभडक.”

“तू हिरवी म्हणाली होतीस.”

“म्हणाले होते. पण होती लाल. सरोजनं नाही का बघितली?”

“सरोज खोटं बोलली.”

गोदाचा चेहरा एकदम बदलला. तिनं कप माझ्या पुढ्यातून उचलला.

“मला काय म्हणायचं ते म्हणा. सरोजबद्दल असं बोलू नका. बाप आहात तुम्ही तिचे. ती पोरगी जन्मात खोटं बोलली नाही.”

मी उठलो. फाट्यापर्यंत सोडायला तिनं रेवतीला बरोबर दिलं. ऊन होतं. रेवती माझी पिशवी घेऊन चालत होती. थांब्याच्या शेडमध्ये आल्यावर तिनं विचारलं, “आजोबा, खरंच हिरवी होती?”

“हो.”

“पण तेव्हा तुम्ही लाल म्हणाला होता ना? मग आज हिरवी म्हणताय, ते कशावरून खरं धरायचं?”

सायन्सला जायला हवं होतं या पोरीनं. माझ्याकडे पुडी नव्हती, बाटली नव्हती, कागद नव्हता. मी फोन काढला आणि सरोजला लावला. दवाखान्यातली वेळ होती. मागं कुणाचं तरी लहान मूल रडत होतं.

“सरोज, गोदाची मुलगी आहे इथं, रेवती. सायन्स घ्यायचं होतं तिला. आईला रंग दिसत नाहीत म्हणून घेऊ दिलं नाही. ती विचारते, ज्योत कसली होती. तू सांग तिला. एवढंच सांग.”

मी फोन स्पीकरवर टाकून रेवतीच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

“मावशी?”

मूल रडतच होतं. सरोज कुणाला तरी म्हणाली, दोन मिनिटं बाहेर थांबा. दार लागल्याचा आवाज आला. रडणं थांबलं.

“लाल होती बाळा,” सरोज म्हणाली. “आजोबांना आता नीट आठवत नाही. त्यांना उन्हात उभं करू नकोस.”

बस आली. रेवतीनं फोन माझ्या खिशात ठेवला. पिशवी आधी वर ठेवली, मग दंडाला धरून मला पायरीवर चढवलं, आणि कंडक्टरला सांगितलं, “यांना तालुक्याला नीट उतरवा हं. दिसत नाही त्यांना.”